तळघर खोदण्याआधी: गायाची कोठारं आणि आपला जांभा

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आला आहे. घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांचं. मागे डोंगराच्या उतारावर काजूची बागायत. घरची फेणी आणि थोडी वाइन नीट ठेवावी, मुरवावी, पाहुण्यांना दाखवावी असं घरच्यांच्या मनात आहे. त्यासाठी पोर्तुगालमधल्या जुन्या वाइन इस्टेटींसारखं तळघर घराखाली खोदावं का, ती तळघरं केव्हा आणि कशी बांधली गेली, आणि तसं आपल्याकडे जमेल का, असं विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घराखाली खोदू नका. हे मी नुसत्या भीतीपोटी सांगत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि जांभ्याच्या पायाशी खेळ केला की काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण त्याहून मोठं कारण इतिहासातच आहे. पोर्तुगालची सगळ्यांत नावाजलेली वाइन, म्हणजे पोर्ट, गाया गावातल्या ज्या वास्तूंत मुरते, त्या जमिनीखाली नाहीतच. त्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि तसं असण्यामागे फार शहाणपणाचा विचार आहे. तो समजला तर तुमच्या घराचाही मार्ग सापडेल.

पोर्ट वाइनचे मळे दोउरो नदीच्या वरच्या खोऱ्यात आहेत, पोर्तो शहरापासून शंभरेक किलोमीटर आत. तिथल्या इस्टेटींना किंता म्हणतात. पाटीसारखा थराथरांचा दगड, त्याच्या बांधांवर पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेल्या वेली, आणि उन्हाळ्यात 40 अंशांपर्यंत चढणारं तापमान. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं खुडली की ती ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत पायांनी तुडवत, आणि आंबणं अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षाची दारू घालून ते थांबवत. म्हणून ती वाइन गोड राहते आणि कडकही. पण ती तिथेच ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यात भाजल्यासारखी चव धरते, हा त्या खोऱ्यातला जुना अनुभव. त्यामुळे वसंत ऋतूत पिंपं राबेलू नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांत चढवून खळाळत्या नदीतून खाली आणत आणि समुद्राजवळ, पोर्तोच्या समोरच्या काठावर, विला नोव्हा द गाया इथे ठेवत.

गायाचा काठ नीट पाहा. तो उत्तरेकडे उतरतो. म्हणजे ऊन तिरपं आणि कमी. अटलांटिक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी धुकं, दिवसभर दमट वारा, उन्हाळा सौम्य. निसर्गाने अर्धं काम आधीच करून ठेवलेली जागा व्यापाऱ्यांनी निवडली. इमारतीचा विचार त्यानंतरचा. तळघराच्या गोष्टीत लोक हे पहिलं पाऊलच विसरतात, म्हणून थोडं थांबून सांगितलं.

व्यापाराची पार्श्वभूमी थोडक्यात. 1703 च्या इंग्लंड-पोर्तुगाल करारानंतर पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू लागली आणि मागणी वाढली. मागणीबरोबर भेसळही वाढली. 1756 साली पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोंबाल याने दोउरोच्या वाइनसाठी सरकारी कंपनी काढली आणि कोणत्या जमिनीतली वाइन पोर्ट म्हणून निर्यात करायची याची हद्द ठरवली. हद्दीवर ग्रॅनाइटचे 300 हून अधिक खांब रोवले, त्यांतले काही आजही उभे आहेत. गोव्याच्या माणसाला पोंबाल वेगळ्या कारणासाठी माहीत असतो: 1774 मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, त्याच्याच काळात बंद झालं. पुढे चारच वर्षांत ते परत सुरू झालं आणि 1812 मध्ये कायमचं संपलं. एकाच माणसाचा हात वाइनच्या हद्दीपासून आपल्या इतिहासापर्यंत पोचलेला आहे, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आलं आहे.

इंग्रज, स्कॉटिश, जर्मन, डच आणि अर्थात पोर्तुगीज व्यापारी घराणी गायात आली. सँडमनची पेढी 1790 ची, गायातली त्यांची नदीकाठची इमारत 1811 पासूनची. ग्रॅहमचं टेकडीवरचं कोठार 1890 चं. 1926 मध्ये कायदाच झाला की निर्यातीची पोर्ट गायातच मुरली पाहिजे आणि तिथूनच जहाजात चढली पाहिजे. ही सक्ती 1986 मध्ये उठली. म्हणजे साठ वर्षं एका देशाची एक अख्खी वाइन एका नदीच्या एका काठावर बांधलेली होती. कौलांची ती लांबच लांब छपरं आज आपण फोटोत बघतो, ती या सगळ्यातून आली आहेत.

आता प्रत्यक्ष इमारत. गायाचं कोठार म्हणजे लांब, एकमजली, भव्य दालन, आणि अशी दालनं एकमेकांना चिकटून उतारावर पायरी-पायरीने उभी. भिंती जाड ग्रॅनाइटच्या. मधल्या भिंती दोन दालनांत सामाईक, त्यामुळे त्यांना ऊन लागतच नाही. वर लाकडी कैच्या आणि त्यावर मातीची कौलं. छप्पर उंच. तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते, खाली पिंपांपाशी थंडावा राहतो. खिडक्या लहान आणि थोड्या. त्यांचं काम उजेड देण्याचं नाही, हवा सोडण्याचं. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, मग खडूने खुणा केलेली पिंपांची तोंडं ओळीने दिसू लागतात.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट तिथे पायाखाली आहे. जुन्या कोठारांत फरशी नाही. माती, वाळू, खडी किंवा गोटे. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की त्यावर पाणी शिंपडतात. ते पाणी हळूहळू उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, शिवाय हवेत ओलावा राहतो. ओलावा कशासाठी? लाकडी पिंपाच्या फळ्या कोरड्या पडल्या तर सांधे उघडतात आणि वाइन झिरपते. सगळं नीट असतानाही पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के वाइन उडून जाते. हजारो पिंपांचा हिशेब केला तर फरशी न करण्यामागचं अर्थशास्त्र लक्षात येईल.

जमिनीवरच का ठेवली, याला वजनाचंही कारण आहे. दोउरोचं पीप 550 लिटरचं. भरलं की लाकडासकट 600 किलोच्या वर जातं. अशी पिंपं तीन-चार थरांत रचतात. एवढा भार लाकडी तक्तपोशीवर ठेवायची कुणाची छाती नव्हती. तो सरळ भूमीवर टाकला. मोठी उभी लाकडी पिंपं तर हजारो लिटरची असतात. त्यांच्याखाली ग्रॅनाइटचे ठोकळे.

आणि पाणी. गायाच्या नदीकाठच्या कोठारांना पुराने अनेकदा झोडपलं. 1909 च्या डिसेंबरातला पूर तिथे अजून आठवणीत आहे. कुठल्या पुराला पाणी कुठवर आलं याच्या खुणा काही भिंतींवर कोरून ठेवल्या आहेत. ज्यांची कोठारं वर टेकडीवर होती ते वाचले. नदीकाठी चढउतार सोपा, टेकडीवर माल सुरक्षित, या दोन्हींत प्रत्येक घराण्याने आपापला कौल दिलेला दिसतो.

वरच्या खोऱ्यातल्या किंतांमध्येही कोठारं होतीच, पण तिथली रचना उताराचा फायदा घेणारी. द्राक्षं वरच्या बाजूने आत येणार, हौद वरच्या पातळीला, पिंपं खालच्या. रस आपल्या वजनाने खाली उतरतो, उपसावा लागत नाही. खालच्या दालनाची मागची भिंत डोंगरात रुतलेली, पुढची उघडी. लांबून पाहिलं तर तळघर वाटतं, पण दार अंगणाच्या पातळीला असतं. डोंगराला टेकलेलं हे दालन लक्षात ठेवा, शेवटी तुमच्या बागायतीपाशी आल्यावर ते उपयोगी पडणार आहे.

हाच विचार स्पेनमधल्या हेरेझ इथे आणखी पुढे गेला. शेरी वाइनची तिथली कोठारं इतकी उंच आहेत की लोक त्यांना कॅथेड्रल म्हणतात. काहींची उंची 15 मीटरपर्यंत जाते. हेरेझ गायापेक्षा पुष्कळ तापट. म्हणून छप्पर उंच, भिंती 60 सेंटिमीटर किंवा जास्त जाड आणि सच्छिद्र दगडाच्या, बाहेरून पांढऱ्या चुन्याच्या. खिडक्या भिंतीच्या वरच्या टोकाला, त्यांवर गवती चटया. ऊन अडतं, वारा येतो. इमारत वळवतानाही हिशेब आहे: समुद्राकडून येणारा पश्चिमेचा दमट वारा आत यावा आणि पूर्वेचा भाजका वारा अडावा. जमीन पिवळसर वाळूची, उन्हाळ्यात तिच्यावर नेमाने पाणी मारतात. शेरीच्या काही प्रकारांवर पिंपात यीस्टची पांढरी साय धरते. ती साय जगली तरच ती वाइन, आणि साय जगायला थंडावा आणि ओल दोन्ही लागतात. म्हणजे तिथे इमारत हीच वाइनच्या कृतीचा एक घटक आहे.

मग तळघरं कुठे खोदली? जिथे दगडाने परवानगी दिली तिथे. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात, रॅंस शहराखाली, खडूच्या जुन्या खाणी आहेत. बांधकामासाठी दगड काढून झाला, पोकळ्या उरल्या, आणि पुढे शँपेनवाल्यांनी त्या वापरात घेतल्या. काही 30 मीटरहून खोल आहेत, वर निमुळत्या आणि खाली पसरट. खडू मऊ, कापायला सोपा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा. पाणी शोषतो, पण गळत नाही. आतलं तापमान बारा महिने 11 अंशांच्या आसपास. पहिल्या महायुद्धात वर तोफा धडाडत असताना शहरातली कुटुंबं या खाणींत राहिली, मुलांच्या शाळासुद्धा तिथे भरल्या. 2015 मध्ये शँपेनचे उतार, तिथली जुनी व्यापारी घरं आणि ही तळघरं जागतिक वारशाच्या यादीत गेली. तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच चित्र आहे. पण ते खडूचं चित्र आहे, पोर्तुगालचं नाही, आणि गोव्याचं तर नाहीच.

आता एक नियम सांगतो. तो कळला की तळघराचा सगळा मोह उतरतो. जमिनीत पाच-सहा मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळपास मिटतो आणि तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं होतं. रॅंसची सरासरी 11 च्या आसपास, म्हणून खाण 11 ची. पोर्तोची 15 च्या आसपास. गोव्याची? 27. तुम्ही विहिरीएवढं खोल गेलात, लाखो रुपये जमिनीत घातलेत, तरी तिथे 27 अंशच मिळणार. मे महिन्यातल्या दुपारचा चटका नक्कीच वाचेल, पण वाइनला हवे असलेले 12 ते 16 अंश गोव्याच्या जमिनीत कुठल्याच खोलीला नाहीत. तुमच्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि मेमध्ये गार लागतं ना? पाणी तेच असतं, बाहेरची हवा बदललेली असते.

अटलांटिकमधल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावरच्या लोकांनी तर उष्णतेलाच कामाला लावलं. पोर्तुगालहून निघालेली जहाजं तिथे वाइनची पिंपं घेत. विषुववृत्त ओलांडून, महिनोन्‌महिने तापत, हेलकावत ती फिरत. अशा प्रवासातून परत आलेली वाइन बिघडण्याऐवजी अधिक खुलते, असं ध्यानात आलं, आणि फिरून आलेल्या वाइनला जास्त भाव मिळू लागला. भारताकडे येणारा समुद्रमार्ग या गोष्टीतला मोठा भाग आहे. पुढे जहाजावर पाठवण्याचा खर्च टाळून त्यांनी तीच उष्णता इमारतीत आणली: पिंपं छपराखालच्या माळ्यावर ठेवायची, उन्हाने तापू द्यायची, आणि वर्षं सरतील तशी खालच्या, थंड मजल्यावर उतरवायची. मदेराची राजधानी फुंशाल इथलं ब्लँडी घराण्याचं कोठार असंच आहे, मुळात फ्रान्सिस्कन मठाची वास्तू. तेव्हा ‘तळघर थंडच हवं’ हेसुद्धा सगळीकडे खरं नाही. आधी काय ठेवायचं ते ठरतं, मग खोली.

आता आपला गोवा. इथे वाइनचे मळे नव्हते. चर्चच्या मिस्सेला लागणारी आणि फिदाल्गोंच्या, म्हणजे पोर्तुगीज उमरावांच्या, मेजावरची वाइन जहाजाने यायची. त्यामुळे गायासारखी कोठारांची परंपरा इथे रुजायचं कारणच नव्हतं. आपल्याकडची जुनी साठवण म्हणजे फेणीची, नारळाची, भाताची, मिठाची. तिच्यासाठी आपल्या घरांनी जे केलं ते पाहा: उंच जोतं, जाड चिऱ्यांच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, चारी बाजूंनी पुढे आलेल्या पडव्या, मध्ये राजांगण. मोठमोठ्या भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, घरं काढा नाहीतर फोंड्याकडची आपली चौकाची घरं काढा, सगळी जमिनीपासून वर उचललेली. घराखाली खोदलेलं कुणी नाही. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पूर्वजांनी पाण्याला वाट मोकळी ठेवली.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कोयत्याने तासता येतो. हवेत राहिला की घट्ट होतो. पण तो भोकाभोकांचा दगड. सततच्या ओलीत त्याची ताकद कमी होते. पावसात डोंगरावरचं पाणी या भोकांतून खाली उतरतं आणि आषाढ-श्रावणात विहिरी जवळजवळ काठाला लागतात. तुमच्या परसातल्या विहिरीत चतुर्थीच्या सुमारास हात बुडवता येतो की नाही ते बघा. येत असेल, तर तुमचं तळघर त्या दिवशी त्याच पाण्यात उभं असणार आहे. बाहेर पाणी 2 मीटर उंच असेल तर तळाच्या स्लॅबवर खालून दर चौरस मीटरला 2 टन इतका दाब येतो. 20 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला अर्धा टन. उरलेले दीड टन कोण पेलणार? स्लॅब फुगतो, तडकतो, आणि मग पंप चालू ठेवा, वीज गेली की बादल्या घ्या. त्यात जुन्या घरांचा पाया बहुतेक वेळा उथळ, नुसत्या चिऱ्यांचा. त्याच्या शेजारी खोल खणलं की पायाखालची माती बाजूला सरकते. भिंतीला खालून वर, दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली दिसली की मी आधी विचारतो, ‘इथे अलीकडे काय खणलंत?’ बहुतेक वेळा सेप्टिक टँक निघतो.

पाण्यापेक्षा दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा. जुलैत आपल्याकडची हवा इतकी ओली असते की 24 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. युरोपातलं तळघर थंडीच्या दिवसांत उघडून हवा खेळवली की कोरडं होतं. आपलं तळघर पावसाळ्यात उघडलं की आणखी भिजतं. त्यात यंत्र लावून 15 अंश केलेत तर भिंतींना अक्षरशः धारा लागतील. मग बुरशी. बाटलीची वाइन कदाचित तगेल, लेबलं तगणार नाहीत. लाकडी मांडणी वाळवीच्या स्वाधीन.

आणि जीवाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी, त्या मी मोठ्याने सांगतो. पहिली: 40 टक्क्यांच्या आसपासची दारू साधारण 26 अंशांना पेट घेण्याइतकी वाफ सोडते. फेणी त्याच ताकदीची, किंबहुना थोडी वर. आपलं रोजचं तापमान 26 च्या पुढेच. ती वाफ हवेपेक्षा जड, खोलगट जागेत तळाशी साचते. एखादा गराफांव, म्हणजे फेणीचा मोठा काचेचा बुधला, फुटला, आणि कुणी तिथे पणती किंवा सिगरेट घेऊन उतरलं, तर काय होईल ते सांगायला नको. दुसरी: काजूचा रस तळघरात कधीही आंबवू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. द्राक्षाच्या एक लिटर रसातून 40 लिटरहून जास्त निघतो. तोही जड, त्याला वास नाही, रंग नाही. युरोपात जुने कामगार तळघरात उतरताना मेणबत्ती खाली धरून नेत, ती विझली की मागे फिरत. तिथे अशी माणसं दगावत असत, म्हणून ती सवय लागली. रस भट्टीजवळ, उघड्यावर, मांडवाखालीच ठेवा. आपल्या लोकांनी तो तिथे ठेवला तो उगाच नाही.

मग करायचं काय? तुमच्याकडे गायासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उतार. डिचोलीच्या माणसाला हरवळ्याची लेणी दाखवायची गरज नाही. ती जांभ्यात कोरली आहेत, दीड हजार वर्षांच्या आसपासची, पण कशी? डोंगराच्या कुशीत आडवी. खाली खोल गेलेली नाहीत. दार बाहेरच्या पातळीला, त्यामुळे पाणी आत आलं तरी बाहेर पडायची वाट आहे. आमच्या फोंड्याजवळची खांडेपारची लेणीही जमिनीच्या पातळीलाच. दोउरोच्या किंतांचं खालचं दालन आणि हरवळ्याची लेणी यांच्यात हे नातं आहे, आणि तुमच्या बागायतीच्या उतारावर तेच जमू शकतं. लेणं कोरायला नका जाऊ. डोंगराच्या पायथ्याशी एक पायरी कापा, जुन्या घरापासून दूर. तिच्यावर तीन बाजू डोंगराला आणि एक उघडी असं चिऱ्याचं दालन बांधा, दार शक्यतो उत्तरेकडे. डोंगराच्या आणि भिंतीच्या मध्ये हात-दीड हाताची मोकळी गल्ली सोडा, तिच्या तळाला गटार, आणि गटार दालनाच्या फरशीपेक्षा खाली. वरून येणारं पाणी अडवायला डोंगरावर आणखी एक चर. हे दोन चर नसतील तर बाकी सगळं फुकट.

भिंत 60 सेंटिमीटरची ठेवा. एवढ्या जाड चिऱ्यातून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, बाहेर गारवा आलेला असतो. गिलावा चुन्याचाच. सिमेंटचा गिलावा पाणी आत कोंडतो, पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच जोत्यापासून वीतभर वर त्याला फुगे येतात, बोटाने दाबलं की पापुद्रा सुटतो आणि मागे चिरा पिठासारखा भुसभुशीत झालेला असतो. चुना श्वास घेतो, पाणी बाहेर सोडतो. छपराला कौलं, आणि कौलांखाली फळ्यांचं छत, मध्ये हवेला वाव. पुढे खोल पडवी, म्हणजे दारावर ऊन आणि झोड दोन्ही येणार नाही.

फेणीला एवढं पुरतं. काचेच्या गराफांवांत ठेवलेली फेणी अंधार, पक्कं बूच आणि तापमानाचा सततचा चढउतार नसणं, एवढंच मागते. लाकडी पिंपात ठेवणार असाल तर एक हिशेब मनात धरा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला 2 टक्के उडतं, गोव्याच्या हवेत व्हिस्कीचे अनुभवी लोक 8 टक्क्यांच्या आसपास धरतात. दमट हवेत पाण्यापेक्षा मद्यार्क जास्त उडतो, त्यामुळे ताकदही उतरत जाते. म्हणून पीप लहान घेऊ नका. लहान पिंपात द्रवाच्या मानाने लाकूड जास्त, उडणंही जास्त. आणि दरवाजाला तळाशी आणि भिंतीला वर झरोके ठेवा, वाफ साचता कामा नये. दिवे, बटणं बाहेर.

वाइनसाठी मात्र दालनाच्या आत वेगळी छोटी खोली करावी लागेल. चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर सुटी, उष्णतारोधक पॅनेलची, स्वतःचं छत असलेली, आणि तिच्यात यंत्राने 15-16 अंश. बाष्प अडवणारा थर या पेटीच्या बाहेरच्या अंगाला. युरोपातल्या पुस्तकांत तो आतल्या अंगाला दाखवलेला असतो, कारण तिथे घरात ऊब आणि बाहेर थंडी. आपल्याकडे उलटं. इथे चुकलं तर पॅनेलच्या पोटात पाणी साचतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. खोली लहान ठेवा. शंभर-दोनशे बाटल्यांना कपाटाएवढी जागा पुरते, आणि चिऱ्याच्या दालनाच्या आत असल्यामुळे यंत्रावर मे महिन्याचा भारही येत नाही. पाहुण्यांना दाखवण्यासारखं काय, तर पुढचं दालन, गराफांवांच्या रांगा, तांब्याचं भांडं. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिला उसनं फ्रेंच तळघर कशाला हवं?

जुन्या घरातच काही करायचं असेल तर उत्तरेकडची, बहुतेक घरांत भाताचं कोठार असलेली खोली बघा. तिच्या जमिनीवर नंतर कुणी सिमेंटचा कोबा आणि टाइल्स घातल्या असतील तर त्या काढून चुन्यावर मातीच्या चौकोनी फरश्या बसवा. ओल भिंतीतून चढायची कमी होईल, कारण तिला जमिनीतूनच वर यायला वाट मिळेल. गायातल्यासारखं पाणी मात्र शिंपडू नका. त्यांना ओल कमी पडते, आपल्याला जास्त होते.

काम सुरू करण्याआधी एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. किमान-कमाल तापमान आणि आर्द्रता दाखवणारी दोन साधी यंत्रं आणा, एक त्या उत्तरेच्या खोलीत आणि एक उतारावर जिथे पायरी कापणार आहात तिथे सावलीत. आकडे आठवड्याला वहीत उतरवा. मेमधला सगळ्यांत गरम दिवस आणि जुलैमधला सगळ्यांत ओला आठवडा तुमच्या वहीत आला पाहिजे. विहिरीच्या पाण्याची पातळीही मृगापासून चतुर्थीपर्यंत दर आठवड्याला दोरीने मोजा. विक्रीचा विचार असेल तर तालुक्याच्या अबकारी कार्यालयात साठवणुकीच्या परवान्याची चौकशी आताच करून ठेवा, आणि उतार कापण्याआधी पंचायत व नगर नियोजन खात्याची परवानगी घ्या. डोंगर कापण्याबाबत गोव्यात नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. वही घेऊन या, त्या आकड्यांवर भिंतीची जाडी, पडवीची खोली आणि यंत्राचा आकार आपण मिळून ठरवू.